नोकरी सोडून भाजणीचा धंदा करतोयस? आधी हे वाच

अरे भारीच, पण राजीनामा उद्याच टाकू नकोस. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढ, तोवर शनिवार-रविवार वीस-तीस पाकिटं विक, फुकट वाटू नकोस, फुकटची भाजणी सगळ्यांनाच आवडते, पैसे देऊन दुसऱ्यांदा कोण घेतं ते वहीत लिही.

मी कुठे आपटलो:
- हजार पिशव्या आधीच छापल्या, पत्ता चुकला, अजून माळ्यावर पडल्यात.
- भाव लावताना गॅस, दळण आणि स्वतःची मजुरी धरलीच नाही.
- उद्यम नोंदणीला (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) एजंटला पैसे दिले, सरकारी साइटवर ती फुकट होते!

एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन मात्र पहिलं पाकीट विकायच्या आधी. जीएसटी, लोन नंतर बघू. घरच्यांना भाषण नको, वही दाखव, माझी आई तीच बघून गप्प झाली.