रील बघ, पण नळी काचेची घे
कोल्हापुरात प्रॅक्टिस म्हणजे उसाच्या फडातला सर्पदंश येणारच, म्हणून तेच सांगतो. मध्यंतरी डॉक्टरांच्या ग्रुपवर एक रील फिरत होतं: सापाच्या विषानं रक्त गोठायचं थांबलंय का हे बघायची २० मिनिटांची चाचणी, तीही प्लास्टिकच्या नळीत! खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. (एक माझाही होता, काय लपवू.) अरे बाबा, नळी काचेचीच हवी, स्वच्छ आणि कोरडी, आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही, मग विष नसताना प्रतिविषाचं इंजेक्शन टोचून बसशील. रील बघ, पण मूळ मार्गदर्शक सूचना उघडून बघ. ग्रुपवर एक्स-रे टाकताना कोपऱ्यातलं पेशंटचं नाव काप. परवानगी आधी घे. आणि डॉक्टर म्हणून नोंदणी टिकवायला ५ वर्षांत लागणारे शिक्षणाचे ३० क्रेडिट (गुण) मेडिकल कौन्सिलनं मान्य केलेल्या कार्यक्रमांतूनच मिळतात, लाईकमधून नाही. सर्टिफिकिटं एका फाइलीत लावत जा.