बिल्डरचा कॉपीराइट स्ट्राइक आलाय? व्हिडिओ डिलीट करू नका

ताई, आधी महत्त्वाचं. व्हिडिओ डिलीट करू नका. वर दोघातिघांनी तसा सल्ला दिलाय, तो काळजीपोटीच असणार. पण डिलीट केल्याने स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर लागलेला नियमभंगाचा शेरा, जात नाही, समोरच्याला हवं ते मात्र आयतं मिळतं.

तुमचं प्रकरण मला समजलं ते असं: वाघोलीतल्या तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गळणारं पाणी आणि न झालेलं क्लबहाउस तुम्ही नऊ मिनिटांच्या व्हिडिओत दाखवलंत. तुलनेसाठी बिल्डरच्याच वॉकथ्रूमधले (प्रकल्प फिरवून दाखवणाऱ्या जाहिरातीच्या व्हिडिओतले) चाळीस सेकंद शेजारी लावलेत. दसऱ्याच्या बुकिंगच्या तोंडावर त्या चाळीस सेकंदांवर कॉपीराइटची तक्रार आली, यूट्यूबने व्हिडिओ उतरवला, वर वकिलाची नोटीसही आली. आणि तुम्ही विचारताय की गळतीचे आणखी फोटो पाठवले तर यूट्यूब ऐकेल का.

नाही ऐकणार, कारण यूट्यूब गळतीबद्दल विचारतच नाहीये. बदनामीचा दावा करायचा तर बिल्डरला कोर्टात जाऊन ‘पार्किंग गळत नाही’ असं शपथेवर सांगावं लागलं असतं. कॉपीराइटच्या तक्रारीला तेवढं लागत नाही, एक फॉर्म पुरतो. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याप्रमाणे तक्रार येताच मजकूर उतरवला, तर यूट्यूबसारख्या कंपनीवर जबाबदारी येत नाही. म्हणून ते आधी उतरवतात, खरं-खोटं नंतर. बुकिंगच्या हंगामात एवढे दिवसही बिल्डरला पुरतात.

तुमचं हत्यार म्हणजे काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे ‘तक्रार चुकीची आहे’ असं यूट्यूबला द्यायचं रीतसर उत्तर. ते पाठवलं की तक्रारदाराला अमेरिकेतले १० कामाचे दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने कोर्टात दावा लावल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइकही जातो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच जातं, म्हणून पहिल्यालाच उत्तर द्या.

त्यात पाण्याबद्दल, बिल्डरच्या माणसांच्या उद्धटपणाबद्दल एक अक्षर नको. फक्त त्या चाळीस सेकंदांबद्दल लिहा: किती घेतले, कशासाठी घेतले, प्रत्येक तुकड्यासोबत तुमचं कोणतं चित्रण आणि कोणती टिप्पणी आहे. वॉकथ्रू ही जाहिरात आहे, ती फुकट वाटली जाते. तुमचा व्हिडिओ बघून कुणी ती विकत घ्यायची थांबणार नाही, म्हणजे तिचा बाजार तुम्ही खाल्लेला नाही. अमेरिकेच्या ‘फेअर यूज’मध्ये या मुद्द्याला वजन आहे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मोकळीक देतं, ‘त्या कृतीची किंवा अन्य कोणत्याही कृतीची’ टीका असा त्याचा आवाका आहे. तुम्ही तर त्याच वॉकथ्रूची समीक्षा करताय: चित्रात हे होतं, जागेवर हे आहे.

एक धोका आधीच सांगतो. काउंटर नोटिफिकेशनमधलं तुमचं नाव आणि पत्ता तक्रारदाराला जातो. तुमच्या बाबतीत बिल्डरला फ्लॅट नंबर ठाऊकच आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांनी विचार करून पाऊल उचलावं. शिवाय व्हिडिओमागे कुणाचं गाणं लावलं असेल, तर ते आधी तपासा. त्या गाण्याला टीकेची ढाल मिळणार नाही.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण भोगलंय. २०१८ मध्ये सिंहगड रोडच्या घरात आम्ही मॉड्युलर किचन करून घेतलं. मे महिन्यात बसलं, ऑगस्टमध्ये सिंकखालचे शटर पावसाळी बिस्किटासारखे फुगले. कड सोलली तर आत प्लायऐवजी भुश्याचा बोर्ड. मी फोटोंसकट सगळं लिहिलं. ऑक्टोबरमध्ये ते लिखाण गायब, कारण काय तर ‘हा लेख मूळ आमचा’ अशी कॉपीराइटची तक्रार. पुरावा म्हणून दिलेल्या लिंकवर माझाच मजकूर शब्दन् शब्द, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि वर तारीख मार्चची. मार्चमध्ये आमच्या ओट्याचं मापसुद्धा घेतलेलं नव्हतं!

दोन दिवस नुसता संताप. मग आईने तो चोरलेला फोटो मोठा करून बघितला. फुगलेल्या शटरच्या वर, भिंतीवर कालनिर्णय लटकतंय, पान ऑगस्टचं, आणि त्यावर तिने दुधाचे खाडे मारलेले. मार्चमध्ये लिहिलेल्या लेखात ऑगस्टचे खाडे कसे, एवढंच मी उत्तरात विचारलं. समोरून कुणी फिरकलं नाही आणि अडीच आठवड्यांनी लिखाण परत आलं. पण त्या दिवाळीत ज्यांनी त्या किचनवाल्यांकडे ऑर्डरी दिल्या, त्यांना ते वाचायला मिळालं नाही. ती खंत अजून आहे.

ही मजकूर उचलून उलट तक्रार करण्याची युक्ती जुनी आहे. २०१३ मध्ये ‘रिट्रॅक्शन वॉच’ या मागे घेतलेल्या शोधनिबंधांचा पाठपुरावा करणाऱ्या संकेतस्थळाचे दहा लेख असेच उतरवले गेले. मजकूर उचलणारी तक्रारदार साइट नोएडाची निघाली. खोट्या तक्रारीचा आणखी एक नमुना: २००३ मध्ये डीबोल्ड या मतदान यंत्रांच्या कंपनीने, यंत्रांतल्या दोषांची चर्चा असलेले स्वतःचेच अंतर्गत ईमेल विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध केले म्हणून कॉपीराइटच्या नोटिसा धाडल्या. २००४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने, कंपनीने जाणूनबुजून चुकीचा दावा केला, असा निकाल दिला आणि कंपनीला १,२५,००० डॉलर मोजावे लागले. म्हणजे खोटी तक्रार अंगाशी येऊ शकते. पण भांडणारा भेटला तरच.

आता वकिलाची नोटीस. घाबरू नका, पण फेकूनही देऊ नका. आपल्याच कायद्याच्या कलम ६० प्रमाणे कॉपीराइटच्या नावाने निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध उलट तुम्हीच दिवाणी दावा लावू शकता, मनाई आणि नुकसानभरपाईही मागू शकता. मात्र त्याने खरंच दावा दाखल करून तो नेटाने चालवला, तर हे कलम लागू होत नाही. तेव्हा उत्तर शिवाजीनगर कोर्टातल्या दिवाणी वकिलाकडूनच द्या. कलम ६० चा उल्लेख घालायला त्यांना आवर्जून सांगा.

आणि ज्या वॉकथ्रूवरून हा गहजब चाललाय, ती जिवापाड जपा. रेरा या घरबांधणी व्यवसायावरच्या नियमन कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. ‘ही वॉकथ्रू आमचीच’ असं बिल्डरने आता स्वतः लिहून दिलंय. महारेरात ती आमची नव्हेच, असं म्हणायला त्याला जागा उरली नाही. यूट्यूबची ती ईमेल मथळ्यासकट सेव्ह करा, प्रिंट काढा, मूळ व्हिडिओ फाइल फोनमधून हलवू नका. कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते वकील करून देतील.

काउंटर नोटिफिकेशनचा मसुदा आज रात्रीपर्यंत इथे टाका, नाव-पत्ता काढून. शब्द बघून देतो.