बाईंविषयी काय लिहावे?

प्रश्न : आमच्या पीएचडीच्या मार्गदर्शक, आणि पुढे मैत्रीणच झालेल्या बाई नुकत्याच गेल्या. स्मृतिअंकात त्यांचे संशोधन मांडावे की मैत्री?

उत्तर : दोन्ही वेगळे काढताच येत नाही. २०१६ मध्ये निवर्तलेल्या एलिनॉर झेलियट यांचेच पाहा. डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर १९६९ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएचडी मिळवणाऱ्या, अमेरिकेतील कार्लटन महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या आणि दलित कविता इंग्रजीत नेणाऱ्या या विदुषीचा महाराष्ट्रातील गोतावळा त्यांच्या अभ्यासातूनच वाढला. तुम्हीही बाईंनी प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला एखादा शेरा जसाच्या तसा छापा आणि त्यामुळे तुमचा युक्तिवाद कसा बदलला ते सांगा. पदव्या, पुरस्कार (तेही हवेतच म्हणा) शेवटच्या चौकटीत मावतील.