गेमची डिस्क खराब झाली आहे, मित्राकडून आयएसओ घेतली तर चालेल का?

तुमच्याकडे दोन डिस्क आहेत. वॉरक्राफ्ट ३ ची पीसी सीडी लेबलच्या बाजूने खरवडली गेली आहे. पीएस४ च्या, म्हणजे प्लेस्टेशन ४ च्या, एका गेमला खालून चरे पडलेत. मित्र वॉरक्राफ्टची आयएसओ, म्हणजे सीडीतली माहिती एकाच फाइलमध्ये उतरवलेली नक्कल, द्यायला तयार आहे, आणि ते कायदेशीर आहे का, असं तुम्ही विचारलंय. आयएसओ घेऊ नका. वॉरक्राफ्टच्या बाबतीत तर तिची गरजच नाही.

डब्यावर चिकटवलेली सीडी-की, म्हणजे गेम बसवताना टाकायचा कोड, शाबूत असेल तर गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या साइटवर खातं उघडा, कोड नोंदवायच्या पानावर ती की टाका, आणि गेम त्यांच्याच सर्व्हरवरून उतरवून घ्या. विस्ताराची, म्हणजे फ्रोझन थ्रोनची, की वेगळी असते, तीही नोंदवा. टाइप करताना सारखी दिसणारी अक्षरं आणि आकडे यांत गल्लत होते, म्हणून भिंग घेऊन वाचा. की आधीच कुणाच्या खात्यात अडकलेली निघाली तर कंपनीच्या सपोर्टला डब्याचा आणि कीचा स्पष्ट फोटो पाठवा. डिस्कपेक्षा की मोलाची आहे. तिचा फोटो आजच काढून ठेवा, कारण त्या स्टिकरची शाई उडते.

आता कायदा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१) मध्ये ‘एए’ असा खंड आहे. संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याला नुकसान किंवा नाश यांपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप काढायची मुभा तो देतो. मुभा आहे ती त्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या वापरापुरती. तुमचा मित्र स्वतःसाठी प्रत काढू शकतो. ती तुम्हाला पाठवली की ती बॅकअप राहत नाही. ‘माझ्याकडेही हाच गेम आहे ना’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण मुभेच्या शब्दांत तो कुठे बसत नाही. टॉरेंट तर त्याहून वाईट. टॉरेंटचा प्रोग्राम फाइल उतरवत असतानाच तिचे तुकडे इतरांना देत असतो, म्हणजे तुम्ही घेणारेही आणि वाटणारेही.

कलम ६३-बी प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्याच्या ओघात नसेल तर कारणं नोंदवून कैद न देता ५०,००० पर्यंत दंड करायचा अधिकार न्यायालयाला आहे. २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं ६५-ए हे कलम हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी तांत्रिक सोय, तोडणाऱ्यासाठी आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. गेम जुना झाला, दुकानात मिळत नाही, म्हणून तो मोकळा होत नाही. कंपनीने स्वतः मोकळा केला तरच. स्टारक्राफ्टची मूळ आवृत्ती ब्लिझार्डने २०१७ मध्ये फुकट दिली, तसं.

मूळ सीडी वाचवायचा प्रयत्न करावा का? लेबलच्या बाजूने खरवडली असेल तर नाही. सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली, पातळ लॅकरखाली असतो. खालच्या चकाकत्या बाजूला मात्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास पॉलीकार्बोनेट असतं, म्हणून तिथला चरा घासून काढता येतो. सीडी उजेडासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर थर गेला, तो परत येत नाही. डीव्हीडीचा थर दोन पत्र्यांच्या मधोमध असतो. पीएस४ च्या ब्लू-रेचा थर खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असतो आणि वर कडक लेप असतो. म्हणून ब्लू-रे कधीच घासायची नाही, टूथपेस्टने नाही आणि दुकानातल्या पॉलिश मशीननेही नाही.

पीएस४ ची डिस्क चष्म्याच्या मऊ कापडाने, गरज पडल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसा. थिनर आणि अॅसिटोन नको, त्याने प्लास्टिक धुरकट होतं. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते. आडवा चरा त्या रेषेचा इवलासा तुकडा खातो आणि ड्राइव्ह तो भरून काढतो. सीडीत साधारण अडीच मिलिमीटर सलग नुकसान पूर्ण दुरुस्त होतं, पण रेषेच्या दिशेने गेलेला चरा ती मर्यादा सहज ओलांडतो. पुसण्याआधी दुसरी एखादी डिस्क घालून बघा. तीही अडखळली तर दोष बहुधा ड्राइव्हच्या लेन्सचा आहे.

पुसूनही भागलं नाही तर वापरलेली डिस्क विकत घ्या. गेम हार्ड डिस्कवर उतरला तरी खेळताना डिस्क लागतेच, आणि डिजिटल प्रत ही वेगळी खरेदी आहे. घेताना डब्यावरचा रीजन आणि सीयूएसए ने सुरू होणारा क्रमांक तुमच्या डिस्कशी जुळवा. क्रमांक वेगळा असेल तर जुने सेव्ह आणि विकत घेतलेलं डीएलसी, म्हणजे गेमची वेगळी विकली जाणारी भर, त्या डिस्कवर दिसत नाही. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या डिस्कवर हेच होतं.

बाकीच्या चांगल्या सीडींच्या प्रती मात्र आताच काढा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा अडखळत्या डिस्क वाचणारा प्रोग्राम वापरा, ब्लॉक २०४८ बाइटचा ठेवा आणि मॅप फाइल, म्हणजे काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद, जरूर द्या. पहिल्या फेरीत अडणारे भाग सोडून पुढे जा, मग तेवढेच पुन्हा वाचा. एका ड्राइव्हने हार मानली तर तीच मॅप फाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर चालवा. एकाला न वाचता आलेला सेक्टर, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, दुसऱ्याला बरेचदा वाचता येतो. नव्वदीतल्या बऱ्याच गेमांचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतं. आयएसओत ते येतच नाही, गेम मुका होतो. तिथे विंडोजवरच्या इमगबर्नने बिन (माहिती) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी दोन फाइलींची जोडी काढा. सेफडिस्क हे नक्कल रोखणारं कुलूप असलेल्या गेमांत सीडीच्या सुरुवातीच्या भागात मुद्दाम बिघडवलेले सेक्टर असतात, ते बघून डिस्क खराब समजू नका. त्या गेमांची अडचण वेगळीच आहे. सेफडिस्कचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये नाही, त्यामुळे नवी कोरी सीडीही चालणार नाही. असा गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर असेल तर तिथून घेणं हाच सरळ मार्ग.

मधल्या भोकापाशी बारीक तडा दिसला तर ती सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२ पट वेगाच्या ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते आणि आतच फुटू शकते, मग ड्राइव्हही जातो. वेग चार किंवा आठ पटीवर बांधून एकदाच वाचा. आणि डिस्क पुढे कुणाला विकली तर तिची प्रत पुसून टाका, कारण मुभा डिस्कच्या कायदेशीर धारकाला आहे आणि डिस्क गेली की तो धारक तुम्ही नसता.