एक भरण संपू दे

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आपल्या पेनवेड्यांच्या गटात तू टेबलावर पाच नवी फाउंटन पेनं ओळीनं मांडलीस. सगळ्यांनी वाहवा केली, फोटो काढले. निघताना मात्र हळूच विचारलंस, "यातलं एकही धड चालत नाही. माझा हात वाईट की पेनं? सहावं कुठलं घेऊ?" उभ्याउभ्या उत्तर देण्याजोगा प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र.

सहावं घेऊ नकोस. पाचांतलं एक उचल, भर, लिही, भरलेली शाई, म्हणजे एक भरण, संपव. तोवर त्या पेनाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, चांगला नाही की वाईट नाही. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनाच्या आतल्या शाई ओढून घेणाऱ्या नळीत, शाई मावते जेमतेम पाऊण मिलीलीटर. रोज दोन पानं लिहिलीस तर आठवडाभरात आटोपेल. एवढाही धीर नसेल तर तुला खोकं उघडण्याची हौस आहे, असं म्हण. हौसेला माझी ना नाही. तिला अभिप्राय म्हणू नकोस, एवढंच.

त्या पारदर्शक, ड्रॉपरनं भरायच्या पेनाचं घे. 'गळतं' असं तू जाहीर करून टाकलंस. अरे, ते गळत नाही, ओकतं. रोग वेगळे आहेत. टाकीत शाई एक-तृतीयांशाच्या खाली गेली की हवा वाढते, तळहाताच्या उबेनं ती फुगते आणि उरलेली शाई फीडमधून, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या खाचांच्या तुकड्यातून, बाहेर ढकलते. फीडच्या खाचा थोडीच शाई धरतात, त्यापुढचा थेंब वहीवर. पातळ प्लास्टिकला हा त्रास जास्त. जाड एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, ऊब लवकर आत जाऊ देत नाही, म्हणून जुनी माणसं त्याचं कौतुक करतात. उपाय फुकटचा आहे: शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की पुन्हा भर. आणि तेवढी उतरल्यावर लिहायचंच असेल तर आधी निब वर करून मिनिटभर मुठीत धर, फुगलेली हवा निघून जाते. आट्यांतून शाई झिरपली तर ती खरी गळती. आटे कोरडे करून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरव, टाचणीच्या डोक्याएवढं पुरतं. व्हॅसलीन नको, रबराची रिंग त्यानं खराब होते.

यातलं बरंचसं, भरण संपत आल्यावरच कळतं. तू पहिल्या पानाला निकाल दिलास.

ते धातूचं जड पेन अक्षरं तोडतं म्हणालास. धुतलं होतंस का? नव्या पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असू शकतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घाल, कन्व्हर्टरनं दहा वेळा ओढ-सोड कर, मग साध्या पाण्यानं तेवढंच, आणि निब टिश्यूवर टेकवून रात्रभर उभं ठेव. एबोनाइटच्या पेनाला गरम पाणी दाखवू नकोस, रंग उडतो. तरीही अक्षर तुटलं तर एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी कागद, मग शाई, निबेला हात सगळ्यात शेवटी. तू तिन्ही एकदम बदललंस, आता दोष कुणाचा ते ब्रह्मदेवही सांगणार नाही.

दहापट भिंगातून निब समोरून बघ. चिरेच्या दोन बाजूंच्या दाती एका पातळीत हव्यात. एक वर असेल तर निब एकाच दिशेनं खरवडते. वरची दाती नखानं हलकेच, पुन्हा पुन्हा दाब, हिसका देऊ नकोस. दाती सरळ असूनही पहिली रेघ उमटत नसेल तर टोकाच्या आतल्या कडा जास्त घासल्या गेल्यात, मध्ये खळगा पडलाय, शाई कागदाला टेकतच नाही. ते पेन विकणाऱ्याला परत कर. पॉलिश पेपरनं घरी घासत बसू नकोस. घासलेला धातू परत येत नाही, आणि घासलेलं पेन कुणी परत घेत नाही.

पाचव्या पेनात चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई दिसली. बाटलीवर 'फाउंटन पेनसाठी' असं लिहिलेलं नसेल तर आज रात्रीच धू. अशा शाईत बहुधा लाख (शेलॅक) असते, ती फीडमध्ये सुकली की पेन गेलं.

कागदाचं एक. जाड म्हणजे चांगला, हा गैरसमज काढून टाक. ५२ जीएसएमचा (चौरस मीटरला ५२ ग्रॅम वजनाचा, म्हणजे अगदी पातळ) टोमोए रिव्हर हा जपानी कागद शाई पसरू देत नाही, आणि त्याहून कितीतरी जाड वह्यांवर अक्षरांना मिशा फुटतात. सगळा खेळ कागदाला दिलेल्या खळीचा आहे. त्यात पावसाळ्यात कागद दमट, शाई वाळायला वेळ. तेव्हा 'शाई पसरते' एवढंच सांगू नकोस. कुठली वही आणि कुठला महिना, तेही सांग.

दाखवायचं असेल तेव्हा हे सांग: टोपणासकट वजन, टोपण मागे लावून तोल कुठे जातो, उघडं ठेवल्यावर किती मिनिटांत सुकतं, आठवडाभर पडून राहिल्यावर पहिल्या फटक्यात लिहितं का, आणि पाठवणीसकट पडलेली किंमत. निबेचा चकाकता फोटो नसला तरी चालेल.

राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेन करून गांधीजींना पाठवलं, तेव्हा १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी जे पत्र धाडलं त्यात आभार होतेच, पण त्याबरोबर आपण ते वापरलं आहे असंही लिहिलं होतं, आणि मगच ते परदेशी पेनांच्या जागी चालण्याजोगं वाटतं असं म्हटलं. तेही 'वाटतं'. आणि आपण खोकं उघडताच 'सर्वोत्तम' म्हणून मोकळे!

गटात मला विघ्नसंतोषी म्हणतात, ठाऊक आहे. म्हणोत. माझ्या खणात कधीच न भरलेली पेनं आहेत, आणि त्यांतल्या काहींची मी छातीठोक शिफारस केलेली आहे. माझ्या शब्दावर लोकांनी पैसे घातले. भरण संपेपर्यंत गप्प बसायचा हट्ट तेव्हापासूनचा. कुणाला तो खवटपणा वाटला तर मी काय करू?

पुढच्या रविवारी एकच पेन आण, घरून भरून. सोबत ती वही आण ज्यात रोज लिहिलंस. फोटो नको. शाई किती उरली ते मी उजेडात धरून बघणार आहे.

तुझा,
खवट काका