भांगेचे झाड कुठे सरळसोट, तर कुठे झुडपासारखे का वाढते?

एकाच जातीच्या भांगेला किती फांद्या फुटतील, हे मुख्यतः झाडाभोवती मोकळी जागा आणि उजेड किती आहे यावर ठरते. शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक पानांच्या बगलेतील डोळ्यांना (ज्यांतून फांद्या फुटतात त्या कोंबांना) दबवून ठेवते. त्यात दाट पेरणीची सावली पडली की झाड उजेडासाठी उंच वाढते आणि खालचे डोळे फुटतच नाहीत. धाग्यासाठी भांग मुद्दाम दाट पेरतात ती याचसाठी, कारण फांद्या फुटल्या की सालीतील धाग्याची सलगता आणि प्रत दोन्ही घटतात. सुट्या झाडाला मात्र खालपासून समोरासमोर जोडीने फांद्या येतात, आणि फुलोऱ्याच्या सुमारास पाने एकाआड एक येऊ लागल्यावर वरच्या फांद्यांची मांडणीही तशीच बदलते. पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवताना हेच तत्त्व मी शेवंतीवर दाखवतो: शेंडा खुडला की थोड्याच दिवसांत खालचे डोळे फुगून हिरवे टोक बाहेर काढतात. आपणही निरीक्षण शेवंतीवरच करावे, कारण १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार परवान्याशिवाय भांगेच्या झाडाची लागवड करणे हा गुन्हा आहे.