बंदीचा मुद्दा सोडा, पत्रा काढायची पद्धत धरा

प्रश्न (ठाणे) : सोसायटीच्या गच्चीवर ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांची जुनी शेड आहे, साठ पत्रे. कमिटीने काम भंगारवाल्याला दिलंय. तो घणाने फोडून तुकडे खाली टाकणार. ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे ना? काम थांबवता येईल?

उत्तर : बंदी नाही. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे भारतात आजही बनतात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कामगारांच्या आरोग्यासाठी निर्देश दिले, 2011 मध्ये बंदीची याचिका मात्र फेटाळली. ‘बेकायदा पत्रे’ असं लिहिलंत तर समोरचा वकील तिथेच तुम्हाला गुंडाळेल.

भांडायचंय ते धुळीवरून. पत्रा अखंड असेपर्यंत ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात, घण किंवा ग्राइंडर लागला की सुटतात आणि श्वासातून फुफ्फुसात जातात. आणि गच्चीवर तुमच्या पाण्याच्या टाक्या आहेत.

सेक्रेटरींना आजच पत्र द्या, पोच घ्या. वर्क ऑर्डरमध्ये एवढं लिहून मागा : टाक्या प्लास्टिकने बांधणे, पत्रे हलक्या फवाऱ्याने भिजवणे (जेट पंप नको), जे-बोल्ट (पत्रा धरून ठेवणारे आकडे) कटरने तोडणे, पत्र्यावर पाय न देता फळीवरून काम, कारण जुना पत्रा माणसासकट खाली येतो, अखंड पत्रा दोराने उतरवणे, 0.2 मिमी प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळणे. कामगारांना पी-100 फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणारा) मास्क, रुमाल नव्हे. झाडू बंद, ओलं फडकं.

कमिटी हलली नाही तर सहकार न्यायालयात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली वाद आणि सोबतच कलम 95 खाली अंतरिम मनाईचा, म्हणजे निकालापर्यंत काम थांबवण्याचा, अर्ज. त्याच कायद्याच्या कलम 164 ची दोन महिन्यांची नोटीस दिवाणी दाव्यासाठी असते, इथे तिच्यात दिवस घालवू नका. काम उद्यावर आलं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पण त्याला सार्वजनिक उपद्रव लागतो, म्हणून शेजारच्या इमारतीतल्यांच्याही सह्या घ्या. शेडला पालिकेची परवानगी होती का, हा विषय आत्ता उकरू नका. त्याने काम थांबणार नाही, उलट घाईने पाडलं जाईल.

कचऱ्याबाबत एक अडचण आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांत ‘टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस’ येतं, पण उत्पादन प्रक्रियेच्या नोंदीखाली. ‘हे कारखान्यांना लागू’ असा बचाव येणारच, त्यामुळे सगळी केस त्यावर उभी करू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा आणि पत्रे तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवण्याचा आग्रह धरा. केंद्राच्या पोचपावतीवर वजन बघा. सहा मिमी जाडीचा तीन मीटरचा पत्रा साधारण 40 किलोचा, साठांचे जवळपास अडीच टन. पावतीवर एकच टन दिसला, तर बाकीचा माल वाटेत एखाद्या नाल्यात गेला समजा.